पाकीट खिशात घालण्याआधी

कंडोम विकत घेणारे पुष्कळ, त्याबद्दल विचारणारं जवळजवळ कुणी नाही. खोकल्याचं औषध घेताना लोक किती चमचे, जेवणाआधी की नंतर, वरून ताक चालेल का, सगळं विचारतात. हे पाकीट मात्र नोट सरकवून, नजर छतावरच्या पंख्याकडे लावून उचलतात आणि सटकतात. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर बसते. डी. फार्म. झालेय, भिंतीवरच्या परवान्यावर माझंच नाव आहे, तरी कंडोमचं गिऱ्हाईक मला टाळतं. दीर आत माल लावत असले तर माणूस बाहेर मोबाईल बघत उभा राहतो. ते काउंटरवर आले की मगच पायरी चढतो.

त्यामुळं माझ्याकडे प्रश्न येतात ते सगळं होऊन गेल्यावर. फाटला, निसटला, पाळी लांबली, आता काय करायचं? विचारायला येतात त्या बायका, आणि बोलता बोलता आधी काय काय झालं ते कळतं. ते ऐकून माझं मत पक्कं झालंय: रबर दगा देतं ते क्वचित. चूक होते ती ठेवण्यात, घालण्यात आणि काढण्यात. जगभरातले आकडेही तेच सांगतात. वर्षभर प्रत्येक वेळी आणि बरोबर पद्धतीनं कंडोम वापरणाऱ्या 100 जोडप्यांत साधारण 2 बायकांना दिवस जातात. एरवी माणसं जशी वापरतात तशी, म्हणजे कधी विसरून, कधी अर्ध्यातून घालून, वापरली तर 13 जणींना. माल दोन्हीकडे तोच. फरक हाताळण्याचा आहे, आणि ती हाताळणी शिकवायला आपल्याकडे कुणी बसलेलं नाही.

घेताना

पाकिटावरची तारीख बघा. मुदत संपलेला कंडोम दिसायला चांगलाच दिसतो, पण रबर जून झालेलं असतं. मग प्रत्येक सुट्या पुडीला बोटानं दाबून बघा. आत हवेची उशी जाणवली तर पुडी धड आहे. चपटी, चिकट किंवा कोपऱ्यात फाटलेली असली तर टाकून द्या.

मापाबद्दल फार गैरसमज आहेत. ‘मला तो बसतच नाही’ हे वाक्य आमच्या गल्ल्यावर दिरांनी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते हसतसुद्धा नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नेहमीच्या रुंदीच्या कंडोमनं फुटण्याआधी निदान 18 लिटर हवा सोसली पाहिजे. म्हणजे घागरभर हवा आत मावते. कारखान्यात प्रत्येक बॅचमधले नमुने असे फुगवून फोडून बघतात, आणि 300 मिलिलिटर पाणी भरून गळतात का तेही पाहतात. तेव्हा न बसण्याचा प्रश्न बहुतेकांचा नाही. प्रश्न असतो तो आवळण्याचा किंवा ढिला पडण्याचा, आणि त्यासाठी पाकिटावर रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. फार आवळत असेल तर दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा घ्या, निसटत असेल तर कमीचा. मोठा मागण्यात मर्दानगी शोधू नका. ढिला कंडोम आत राहून जातो.

पातळ म्हणजे कच्चा, हाही एक समज. चाचणी दोघांना सारखीच. ठिपके, रेषा, स्ट्रॉबेरीचा वास, ही हौस आहे, तिचा सुरक्षेशी संबंध नाही. ‘जास्त वेळ’वाल्यात मात्र आतल्या बाजूला बधिर करणारं औषध लावलेलं असतं, बहुतेक वेळा बेंझोकेन. तो उलटा घातला तर बधिरपणा बाईच्या वाट्याला येतो. नवरा-बायको दोघंही ‘काहीच कळलं नाही’ म्हणतात तेव्हा मी आधी हे विचारते.

आणि सरकारी ‘निरोध’ कंडोम. ‘फुकटचा आहे, फाटणारच.’ का फाटेल? निरोध 1968 साली आला तेव्हा तीन नगांना 15 पैसे पडायचे. तेव्हापासून स्वस्त म्हणजे हलका हे डोक्यात बसलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात मिळणाऱ्या मालालाही मजबुतीच्या चाचण्या आहेतच. 2011 पासून आशाताईंमार्फत तीन नगांचं पाकीट रुपयात घरपोच देण्याची सरकारी योजना सुरू झाली. माझा धंदा बुडतो असं म्हणा हवं तर, पण ज्यांना महिन्याचा खर्च जड जातो त्यांना मी सरळ आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवते. फक्त तिथंही तारीख बघून घ्या.

चिठ्ठी लागत नाही, लग्नाचा पुरावा लागत नाही. कुठला दुकानदार विचारत असेल तर दुसरं दुकान बघा.

ठेवताना

आपल्या भागात कंडोम खराब होतो तो उन्हानं. मोटरसायकलच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डात एप्रिल-मे महिन्यात काय तापतं ते हात घालून बघा. पाकिटावर 30 अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे दुपारी सावलीतच चाळिशी गाठते.

दुसरी जागा मागच्या खिशातलं पैशाचं पाकीट. तिथं अंगाची ऊब, बसताना पडणारा भार आणि एटीएम कार्डाची कड, तिन्ही एकदम. संध्याकाळपुरता ठेवला तर हरकत नाही, महिनोन्महिने नको.

घरात जागा शोधणं ही खरी अडचण. एका घरात सासू, सासरे, दोन जावा, चार पोरं. एकीनं पत्र्याखालच्या माळ्यावर गाठोड्यात लपवलेले. पत्र्याखाली म्हणजे तव्यावरच की. लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, साड्यांच्या घडीत, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. तिथं पोरांचे हात जात नाहीत आणि रबरही टिकतं. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि ठेवला तर काय होईल ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

घालताना

पुडी दातानं फोडू नका, कात्रीनं तर अजिबात नाही. आतला कंडोम आधी बोटानं एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेतून फाडा. नखं वाढलेली असतील, अंगठीचा खडा वर आलेला असेल तर जपून. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात, त्यांनी जरा सावकाश.

लिंग पूर्ण ताठ झाल्यावरच घालायचा, आणि बाईच्या अंगाशी लागण्याआधी घालायचा. ‘शेवटी शेवटी घालतो’ हा मला आढळलेला सगळ्यात महागात पडणारा समज. आधी जो पाण्यासारखा स्राव येतो त्यात काही वेळा शुक्रजंतू असतात, आणि आजार लागायचा तर तो शेवटाची वाट बघत नाही.

आता सुलटा-उलटा. गुंडाळी टोपीच्या काठासारखी बाहेरच्या बाजूला दिसली पाहिजे, म्हणजे ती खाली सहज उलगडते. उलगडत नसेल तर तो उलटा आहे. इथं नव्वद टक्के पुरुष काय करतात? फिरवून तोच घालतात. तसं करायचं नाही. लिंगाच्या टोकाला लागलेली बाजू आता बाहेर आली, त्यावरचा ओलावा आत जाणार. तो टाका, दुसरा घ्या. पाच-सहा रुपयांचा प्रश्न आहे.

टोकाला जी छोटी पिशवी असते ती चिमटीत दाबून धरा, हवा बाहेर काढा आणि चिमूट न सोडता दुसऱ्या हातानं मुळापर्यंत उलगडा. पिशवी नसलेला प्रकार असेल तर बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी सोडा. हवा कोंडली की वीर्याला जागा उरत नाही आणि ताण टोकावर येतो. ‘मधेच फट्ट झालं’ म्हणून सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ही चिमूट धरलेलीच नसते. मी विचारते, ‘टोक दाबलं होतं का?’ समोरची म्हणते, ‘त्यांनाच विचारावं लागंल, ताई.’ मग दुसऱ्या दिवशी उत्तर येतं: ‘दाबायचं असतंय व्हय?’

दोन घातले की डबल सुरक्षा, असंही म्हणतात. दोन रबरं एकमेकांवर घासतात, सरकतात. एकच पुरे. आणि एक कंडोम एकाच वेळेला. धुऊन वाळवून परत वापरलेला मी ऐकलाय, हसू नका, घरात पैसे आणि लाज दोन्हींची टंचाई असली की असं होतं.

तेलाचं प्रकरण

याच्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या घरात प्रत्येक गोष्टीला खोबरेल लागतं. केसाला, भाजलेल्याला, बाळाच्या अंगाला, दाराच्या कडीला. कोरडेपणा वाटला की हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. पण नेहमीचा कंडोम लेटेक्सचा असतो आणि तेलानं लेटेक्स कुजतं. कुजतं म्हणजे उद्या-परवा नाही, काही मिनिटांत. वरून काही दिसत नाही, ताकद गेलेली असते. खोबरेल, बेबी ऑइल, व्हॅसलीन, मालिशचं तेल, साजूक तूप, अंगाला लावायचं कोल्ड क्रीम, सगळी एकाच माळेतली.

हे अनेकांना सांगून माहीत असतं. माहीत नसतं ते असं: पांढरं जातंय, खाज येतेय म्हणून डॉक्टर योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम देतात. त्यातल्या काहींत तेलकट पदार्थ असतो. त्या चालू असताना आणि नंतर निदान पाच दिवस कंडोमवर भरवसा ठेवू नका. खरं तर उपचार चालू असताना संबंधच टाळलेले बरे. हे गिऱ्हाईक माझ्याकडे औषधाची चिठ्ठी घेऊन येतं, तेव्हा मीच विषय काढते. आधी ती चमकते, मग जवळ सरकते.

ओलावा हवा असेल तर पाण्याचा जेल घ्या, मेडिकलमध्ये ट्यूब मिळते. सिलिकॉनचाही चालतो. थुंकी लगेच वाळते. आणि कोरडेपणा सारखाच होत असेल, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या वयात, तर तो कंडोमचा दोष नाही. त्या काळात शरीरच कोरडं पडतं. जेलचे दोन थेंब बाहेरून, हवा तर एक थेंब आत टोकाला. आत जास्त घातलात तर निसटेल.

वापरल्यावर खाज, आग झाली की लोक म्हणतात कंडोम ‘उष्ण’ पडतो. लेटेक्सची ॲलर्जी असते, पण बऱ्याचदा त्रास होतो तो सुगंधाचा किंवा बधिर करणाऱ्या औषधाचा. आधी साधा, बिनवासाचा वापरून बघा. तरी सूज, पुरळ आलं तर लेटेक्सविना, पॉलियुरेथेनचे मिळतात; महाग असतात, सांगितलं तर मागवून देतो.

काढताना

वीर्य पडल्यावर तसंच पडून राहू नका. लिंग ताठ असतानाच, मुळाशी रिंग बोटांनी धरून बाहेर या. सैल पडलं की कंडोम मागं राहतो.

राहिला तर काय? एक बाई रडत आली होती, कंडोम पोटात गेला म्हणून. सोनोग्राफी कुठं करू, विचारत होती. पोटात जात नाही. योनिमार्गाला वर गर्भाशयाचं तोंड असतं, त्याचं छिद्र इतकं बारीक की त्यातून रबर वर चढत नाही. हात धुवा, उकिडवं बसा, दोन बोटांनी चाचपून काढा. नाही सापडला तर दवाखान्यात सिस्टर मिनिटभरात काढतात. मात्र वीर्य आत सांडलं असं धरून पुढचं करा. ते खाली सांगते.

‘आम्हाला कुठं लागतंय’

अंगावर पाजणारी बाई सर्रास असं म्हणते. त्यात अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला वरचं पाणीसुद्धा नाही, दिवसा-रात्री अंगावरच, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. एक जरी सुटली, गुटी-साखरपाणी सुरू झालं, तर भरवसा संपला. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणून ‘पाळी आल्यावर बघू’ म्हणणाऱ्या काहीजणींची पाळी येतच नाही, थेट दुसरं येतं. पाजणाऱ्या बाईला कंडोमचा काहीच अपाय नाही, दुधावर परिणाम नाही.

नसबंदी झालेल्या पुरुषाला पहिले तीन महिने कंडोम लागतोच. नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून, त्यात ते नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं की मगच सोडायचा. ऑपरेशनच्या कागदावर हे असतं, पण कागद फाईलमध्ये जातो.

आता आमच्या खानापूर-आटपाडी भागाचं. इथल्या किती घरांतला माणूस गलाईच्या धंद्याला बाहेर आहे, सोनं-चांदी गाळायला. कुणी दक्षिणेत, कुणी उत्तरेत. दिवाळीला, जत्रेला, लग्नसराईत येणार, काही दिवस राहणार, परत जाणार. अशा बायका माझ्याकडे गोळ्यांची पट्टी मागतात आणि नवरा आला की चालू, गेला की बंद असं करतात. रोजच्या गोळ्या अशा चालत नाहीत. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांनंतर सुरू केल्या तर पहिले सात दिवस त्यांचा आधारच नसतो, आणि मधेच सोडल्या की पाळीचा घोळ. कंडोम याच संसारासाठी बनलाय असं मला वाटतं: लागेल तेव्हा काढला, एरवी लॉकरमध्ये.

पण बाईनं म्हटलं ‘घाला’, की घरात दुसराच अर्थ निघतो. ‘माझ्यावर संशय हाय का?’ किंवा उलट, ‘तुला हे सगळं कुठनं कळलं?’ बाहेर राहणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयानं बघावं असं मी म्हणत नाही. मी बायकांना एवढंच सांगते, दिवसांचं कारण पुढं करा. ‘धाकटं अजून लहान आहे’ यावर कुणाला वाद घालता येत नाही, आणि आजारापासूनचा बचाव त्याच पाकिटात येतो. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांपासून कंडोम चांगला वाचवतो. नागीण (हर्पीस), कोंब (गुप्तांगावरचे मस) आणि सिफिलिसचे व्रण कंडोम झाकत नाही अशा जागेवरही असतात, तिथं बचाव कमी पडतो. धड रबरातून एचआयव्हीचा विषाणू पार होतो, ही मात्र शुद्ध अफवा.

कंडोम वापरणारे ‘तसले’ असतात म्हणणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्याचं सांगते. सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना कंडोम वाटले, वापर समजावला, आणि 1996 मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गिऱ्हाइकाला ‘याशिवाय नाही’ म्हणायला त्या शिकल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या आपल्याला नवऱ्यापुढं ते वाक्य जड जातं. आणि मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. शंभर वर्षं उलटली, आम्ही अजून वर्तमानपत्रात गुंडाळूनच देतोय.

फाटला, निसटला, तर

घाबरून योनिमार्ग आतून धुऊ नका. साबण, डेटॉल, लिंबू काही आत घालू नका. त्यानं शुक्रजंतू थांबत नाहीत, कातडं मात्र सोलवटतं. उड्या मारून, लघवी करूनही काही होत नाही.

दिवस जाऊ नयेत म्हणून तातडीची गोळी आहे, लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची, चिठ्ठीशिवाय मिळते. 72 तासांच्या आत घ्यायची, पण ‘तीन दिवस आहेत की’ म्हणून थांबू नका; जितकी लवकर तितकी खात्री जास्त. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. ही गर्भपाताची गोळी नाही, राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पुढची पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. 72 तास उलटून गेले असतील तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेता येते, आणि ती जास्त भरवशाची. ही गोळी दर आठवड्याला घेणाऱ्याही मला माहीत आहेत. ती तातडीसाठी आहे, रोजच्यासाठी तिचा भरवसा कंडोमपेक्षा कमी.

गर्भपाताच्या गोळ्या माझ्याकडे परस्पर मागू नका. मी देत नाही, कुणीच देऊ नयेत. त्यासाठी डॉक्टर आहेत, कायदा आहे, आणि नाव गुप्त ठेवण्याची त्यांच्यावर सक्ती आहे.

समोरच्या माणसाच्या तब्येतीची खात्री नसेल तर दुसरं घड्याळ चालू झालंय असं समजा. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथं, विचारा. कुठं जायचं कळत नसेल तर 1097 हा फुकटचा सरकारी नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

टाकताना

गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांत कंडोम सॅनिटरी पॅडच्याच वर्गात धरलाय, म्हणजे वेगळा गुंडाळून द्यायचा, घंटागाडीवाल्याच्या हाताला लागता कामा नये. संडासात टाकू नका. रबर विरघळत नाही, चेंबरमध्ये अडकतं, आणि चेंबर तुंबला की तो उघडायला येणारा माणूस भर गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडतो.